गाळीव प्रेम, साजूक खून

सुरुवातीला मी फक्त दोन ओळी गाळल्या होत्या. त्यातलीही दुसरी आखूड होती. तांदळातला खडा काढावा तशा त्या काढून टाकल्या आणि पुढे वाचायला लागलो. यात कोणाचं काय बिघडलं? पण त्या दोन ओळींपायी बंगळुरातल्या राजाजीनगरात एका सभ्य घरात एका सज्जन म्हाताऱ्याला दोनदा मरावं लागलं, एका तान्ह्या बाळाला आरशातून जन्म घ्यावा लागला, आणि माझं जे झालं ते तर तुम्हाला सांगायलाच बसलोय.

त्याचं असं झालं की पंच्याण्णव सालच्या श्रावणात माझ्या सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

सासूबाई म्हणजे मालनबाई. यांचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर बंगळुरात आले आणि इथली हवा मानवली म्हणून परत गेलेच नाहीत. घरात बोलणं मराठी, पण त्यात 'स्वल्प' (थोडं) आणि 'सरी' (बरं) असे कानडी शब्द जागोजाग. वाचणं-लिहिणं तर सगळं कानडीतच. मी विमा कंपनीत कारकून. पुण्याहून बदली होऊन इथे आलो, तो सासूबाईंच्या मते तीनशे वर्षं उशिरा. उशिरा आलेल्या पाहुण्याला पंगतीत कुठली जागा मिळते ते तुम्हाला माहीत आहेच.

त्यातून मी त्यांच्या मुलीशी लग्न केलं. रक्षितासाठी त्यांनी जयसिंगरावांचा मुलगा हेरून ठेवला होता. उंच, रुबाबदार, घरचा कल्याणमंटप, म्हणजे लग्नाचं कार्यालय. आणि रक्षितानं पसंत केलं मला! चष्मा, पडसं आणि किक मारताना दर वेळी चप्पल उडून पडणारी स्कूटर एवढीच माझी दौलत. (ती चप्पल एकदा तिच्याच पायाशी जाऊन पडली होती. आमची ओळख तिथूनच.) नाव मात्र त्रिविक्रम. तीन पावलांत त्रैलोक्य मापणाऱ्याचं नाव आणि मला तीन वर्षांत सासूबाईंच्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडता आला नव्हता.

त्या माझ्याशी बोलत नसत असं नाही. माझ्या दिशेनं बोलत. मी समोर पाटावर बसलेला असायचो आणि त्या म्हणायच्या, "रक्षे, पुण्याच्यांना विचार, भात घेणार का." रक्षिता घरात नसली की हाच प्रश्न मांजराला जायचा. मांजर घरचं, त्यामुळे ते उत्तर द्यायला बांधील नव्हतं. मग मीच मांजराला सांगायचो, "थोडा चालेल."

हसू नका, पण मला एकदा, फक्त एकदा त्यांच्या तोंडून 'जावई' हा शब्द ऐकायचा होता. ऑफिसात ज्याला शिपाईसुद्धा विचारत नाही, त्या माणसाला सासुरवाडीचा तेवढाच आधार असतो. लग्नानंतर धोंड्याचा महिना आला तेव्हा मी नवा सदरा घालून, केस चापूनचोपून बसलो होतो. अनारसे आले. मांजरालासुद्धा एक मिळाला. मला मिळाला तो "पुण्याच्यांना दे गं एक" असा, रक्षिताच्या हातून.

तर ऑपरेशन झालं. रक्षिताचे दोन्ही भाऊ नोकरीसाठी परगावी, म्हणून आम्हीच बिऱ्हाड घेऊन राजाजीनगरात राहायला गेलो. डॉक्टर हयवदन यांनी डोळ्यावर हिरवी पट्टी बांधली आणि मला बाजूला घेऊन बजावलं, "नो क्राइंग. नो लाफिंग. नो बेंडिंग. टाके आहेत. टीव्ही नाही, वाचन नाही. एकदम शांत."

वाचन नाही! सासूबाईंचा जीव त्या कानडी साप्ताहिकांतल्या क्रमशः कादंबऱ्यांत. दुसऱ्याच दिवशी त्या पिंजऱ्यात कोंडल्यासारख्या झाल्या. रक्षिता टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, तिची ड्यूटी नेमकी संध्याकाळची. घरात मी, सासूबाई आणि मांजर. सासूबाई मांजराला म्हणाल्या, "कुणीतरी काहीतरी वाचून दाखवा की रे. डोळ्यानं नाही, कंटाळ्यानं मरेन मी."

माझ्या मनात वीज चमकली. हीच ती वेळ! कानडी मला येत नाही, पण मराठी तर येते. त्यांना मराठी समजतं, वाचता येत नाही. म्हणजे मी वाचणार आणि त्या ऐकणार. मांजराची गरजच नाही!

मी स्कूटरला लाथ घातली (चप्पल उडाली, आणली) आणि मराठी मंडळाच्या वाचनालयातून एक जाडजूड कादंबरी घेऊन आलो. नाव होतं 'आरशापलीकडची नीलाक्षी'. तिथले गृहस्थ म्हणाले, "डोळे मिटून न्या. जादू आहे, खून आहे, सूड आहे. पुस्तक कपाटात राहत नाही." त्यांनी आणखी एका गोष्टीचा उल्लेख करायला हवा होता. केला नाही.

पहिल्या संध्याकाळी मी घसा साफ करून सुरुवात केली आणि काय सांगू, पहिल्याच पानावर खून! मोठं शहर. काचेची उंच इमारत. आरसे विकणारा एक गरीब माणूस लिफ्टमध्ये शिरतो, वर पोचते ती रिकामी लिफ्ट आणि आतल्या आरशावर रक्ताचा पंजा! खून केला चक्रधर बिल्डरनं, त्याच्या जागेसाठी. आता त्या गरीब माणसाची मुलगी नीलाक्षी. दिवसा ऑफिसात टायपिस्ट आणि दिवेलागणीला मंत्र म्हणत आरशात शिरणारी मायाविनी! ती शपथ घेते की चक्रधरची एकेक इमारत काचेसारखी फोडीन आणि शेवटी त्यालाही.

मी श्वास घ्यायला थांबलो. सासूबाई ताठ बसल्या होत्या. मांजर मांडीवरून खाली पडलं होतं, त्याचं त्यांना भान नव्हतं.

"मग?" त्या म्हणाल्या.

मांजराला नव्हे. मला! तीन वर्षांत माझ्यासाठी काढलेला पहिला शब्द. माझ्या अंगावर काटा आला. रात्री रक्षिता आली तेव्हा मी तिला दारातच सांगितलं, "आई मला 'मग' म्हणाल्या!" तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या भाग्यलक्ष्मीअक्काही चक्कुलीची (म्हणजे चकलीचीच) ताटली घेऊन ऐकायला आल्या. त्यांना मराठीचं अक्षर कळत नाही. मी दोन वाक्यं वाचायची आणि सासूबाईंनी त्यांची कानडीत पाच करून सांगायची, असं चाललं. नीलाक्षीला त्याच लिफ्टमध्ये इंद्रनील भेटला. चक्रधरचा सख्खा भाचा! देखणा, सरळ, मामाच्या पापांचा पत्ता नसलेला. आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. दिवे गेले. 'अंधारात इंद्रनीलनं तिला...'

इथे त्या दोन ओळी होत्या.

मी त्या आधी डोळ्यानं वाचल्या आणि माझे कान तापले. समोर सासूबाई, एक डोळा पट्टीआड, दुसरा माझ्यावर. बाजूला भाग्यलक्ष्मीअक्का. अहो, मी पुण्याच्या एका अशा घरात वाढलो, जिथे वडील आईला हाक मारायची असली तर खोकायचे. मी बोट उचललं आणि दोन ओळी खाली ठेवलं.

"'त्या स्पर्शासरशी तिच्यातली अर्धी मंत्रविद्या त्याच्यात उतरली,'" मी वाचलं.

"कुठला स्पर्श?" सासूबाई.

"अं?"

"कुठल्या स्पर्शासरशी? मधे काय झालं?"

"मधे... त्यांनी कॉफी घेतली."

"लिफ्टमध्ये?"

"लिफ्टवाल्याकडे थर्मास होता."

"लिफ्टवाला पण होता होय आत?"

"होता की!" (नव्हता. पण आता आला. आणि त्याच्यामुळे मला फार बरं वाटलं. तरुण मुलगा, तरुण मुलगी, अंधार. मोठं कुणीतरी माणूस हवंच.)

"एकाच पेल्यात प्यायले? उष्टं?"

"छे छे! बाय-टू."

एक कॉफी आणि दोन ग्लास. बंगळुरात बाय-टूला कोणी नाव ठेवत नाही, देवळातले भटजीसुद्धा घेतात. सासूबाईंनी ओठ घट्ट दाबले, मान हलवली, "सरी" म्हणाल्या आणि भाग्यलक्ष्मीअक्कांकडे वळून कानडीत सांगायला लागल्या. भाग्यलक्ष्मीअक्का पदरात तोंड लपवून खुदखुदल्या. साधी बाई, कॉफीचंसुद्धा हसू येतं, असं मला वाटलं.

वाचकहो, एकदा धरण फुटलं की फुटलं. मला वाटलं होतं दोन ओळींवर भागेल. पण त्या लेखकाला दुसरा उद्योगच नव्हता! सूड राहिला बाजूला, नीलाक्षी आणि इंद्रनील गच्चीवर भेटतात, बागेत भेटतात, आरशाच्या आत भेटतात आणि भेटले की लगेच. मी आपला थर्मास घेऊन त्यांच्या मागे. गच्चीवर बाय-टू. बागेत बाय-टू. आरशाच्या आत तर मी दोघांना इडलीसुद्धा दिली, कारण प्रसंग दीड पानांचा होता आणि नुसत्या कॉफीत भरत नव्हता.

प्रत्येक ठिकाणी लिफ्टवाला हजर. सासूबाईंनी त्याचं नाव विचारलं, मी हनुमंतप्पा सांगितलं. तो म्हातारा, बायको गेलेली, मुलगा विचारत नाही, तरी दुसऱ्यांच्या पोरांना कॉफी पाजत हिंडतो. सासूबाईंना त्याचा इतका लळा लागला की वाचायला बसल्या बसल्या आधी विचारायच्या, "हनुमंतप्पाचा खोकला थांबला का?" मूळ लेखकाच्या एकाही पात्राची कोणी अशी चौकशी केली नाही. मी थोडा फुगलोच.

आणि 'कॉफी' म्हटलं की भाग्यलक्ष्मीअक्का आता भाषांतराच्या आधीच पदर तोंडाला लावायच्या.

हे एक निस्तरतोय तोवर दुसरं. नीलाक्षीचे वृद्ध गुरू, ज्यांनी तिला लहानपणी मंत्र शिकवले, त्यांना चक्रधरनं विष घालून मारलं. प्रसंग जबरदस्त लिहिलेला. मी आवाज कापरा केला, शिष्येच्या मांडीवर डोकं ठेवून गुरूंचा शेवटचा श्वास... वर पाहतो तो सासूबाईंची हनुवटी थरथरतेय! नो क्राइंग! टाके! माझ्या डोळ्यांसमोर डॉक्टर हयवदन उभे राहिले.

"'...आणि गुरूंनी डोळे उघडले!'" मी ओरडलो. "'बेटी, मी मेलो नाही. जरा चक्कर आली होती.'"

"अय्यो देवा!" सासूबाईंनी छातीवर हात ठेवला. हनुवटी थांबली. टाके वाचले.

पण पुढच्याच प्रकरणात त्याच गुरूंचं भूत येऊन नीलाक्षीला मंतरलेली तलवार देतं. जिवंत माणसाचं भूत आणायचं कुठून? तेव्हा मी घाईघाईनं जाहीर केलं, की मधल्या काळात गुरू वारले. वयोमानानुसार. झोपेत. नातवंडांची लग्नं पाहून. रडण्यासारखं काही नव्हतं.

"ब्रह्मचारी होते ना?" सासूबाई म्हणाल्या.

"भावाची नातवंडं," मी म्हणालो. घामानं माझा सदरा पाठीला चिकटला होता.

पण खरी कसोटी पुढे होती. त्या दिवशी ऑफिसात साहेबानं छळलं होतं, त्यामुळे पुढची पानं आधी चाळायला मला वेळ झाला नाही. प्रकरण उघडलं आणि बेसावधपणे वाचून गेलो, "'सकाळी नीलाक्षीला मळमळायला लागलं. तिनं दिनदर्शिका पाहिली आणि तिच्या ओठांवर लाजरं हसू उमटलं.'"

मी पुस्तकात डोकं घालून बसलो. आतापर्यंत या दोघांनी माझ्या देखरेखीखाली फक्त कॉफी प्यायली होती. साक्षीला हनुमंतप्पा. आता ही मळमळ कोणाच्या नावावर टाकू?

"बघा," सासूबाई सावकाश म्हणाल्या. "मी आधीच म्हणत होते. त्या कॉफीत काहीतरी आहे."

"विष!" मी झेप घेऊन तो धागा पकडला. "बरोब्बर ओळखलंत! चक्रधरनं कॉफीत विष घातलं!"

"मग लाजरं हसू कशाला?"

"त्या विषाचा... तोच गुण असतो. माणूस हसतं."

सासूबाईंनी ओठ इतके दाबले की ते पांढरे पडले. भाग्यलक्ष्मीअक्का पाणी प्यायला म्हणून आत पळाल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, विषाचा धसका घेतला बिचारीनं.

विष नऊ महिने टिकलं. नंतर बाळ आलं. मी ते आरशातून आणलं. नीलाक्षीनं मंत्र म्हटला, आरसा थरथरला आणि आतून बाळ बाहेर, दुपट्यासकट. (कादंबरीत जादू होती म्हणून निभावलं. सामाजिक कादंबरी असती तर मी संपलो होतो.)

एवढं सगळं चाललं होतं, पण खरं सांगू? मी इतका खूश आयुष्यात कधी नव्हतो. ऑफिसातून सुटलो की स्कूटर उडवत यायचो. सासूबाई दाराकडे कान लावून असायच्या. मांजराची मध्यस्थी संपली होती. "आलात? बसा. चक्रधर गच्चीवर पोचला का?" असं थेट विचारायच्या. एकदा दुधात भिजवलेली चिरोटी त्यांनी स्वतः माझ्या हातात दिली. स्वयंपाकघरात, उंबऱ्याच्या आत! 'जावई' तेवढं बाकी होतं, आणि ते आता ओठांवर आलेलं मला दिसत होतं.

शेवटचं प्रकरण राहिलं असताना बेळगावहून सासूबाईंची मावसबहीण जमनाबाई आली. डोळा बघायला म्हणून आली, कुंदा घेऊन आली. सासूबाईंनी तिला माझ्याकडे वळवलं आणि म्हणाल्या, "जमने, हे आमचे..."

मी श्वास रोखला. हात जोडले. चेहऱ्यावर जावयाला शोभेल असा भाव आणला.

"...हे वाचतात," सासूबाई म्हणाल्या.

असो. शेवटचं प्रकरण अजून व्हायचं होतं. ते असं वाचीन, म्हटलं, की शब्द आपोआप बाहेर पडेल! संध्याकाळी बैठक जमली. समोर सासूबाई, शेजारी भाग्यलक्ष्मीअक्का. जमनाबाई कुठे बसली ते मी पाहिलं नाही. ती माझ्या मागे पलंगावर बसली होती.

काय ते प्रकरण! गच्ची, वादळ, विजा. चक्रधरच्या हातात पिस्तूल. नीलाक्षी त्याच्याभोवती आरसे उभे करते आणि प्रत्येक आरशात त्याला त्यानंच मारलेली माणसं दिसतात! गोळी सुटते. इंद्रनील मधे येतो, कोसळतो. आता नीलाक्षीला निवड करायची आहे. उरलेली विद्या सूडावर खर्चायची, की आपल्या श्वासातून त्याला देऊन त्याचा जीव वाचवायचा? मी उभा राहिलो होतो. डावा हात हवेत, आवाज टिपेला. "'ती त्याच्यावर वाकली आणि...'"

पुढच्या सहा-सात ओळींवरून मी नेहमीसारखी झेप घेतली.

"'...आणि हनुमंतप्पा थर्मास घेऊन धावत आला! म्हणाला, पोरी, थांब. गरम गरम आहे. बाय-टू कर!'"

मागून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"अहो," जमनाबाई म्हणाली, "या पानावर कॉफी कुठं आहे?"

मी वळलो. ती पलंगावरून उठून उभी होती आणि तिचा चष्मा माझ्या खांद्याला टेकला होता. बेळगाव! बेळगावात मराठी शाळा आहेत, हे माझ्या कसं लक्षात आलं नाही?

"कॉफी... अध्याहृत आहे," मी म्हणालो.

"आणा बघू इकडं." तिनं माझ्या हातातून पुस्तक काढून घेतलं, दिव्याखाली धरलं आणि खणखणीत आवाजात वाचलं. सगळं वाचलं. श्वास, ओठ, मिठी, पुन्हा ओठ. मी भिंतीवरच्या पंचांगाकडे बघत राहिलो. मग ती मागची पानं भराभरा चाळायला लागली. "लिफ्टमध्ये पण तेच. बागेत पण. अगं मालन, आरशातलं तर दीड पान आहे! यांनी काय वाचलं?"

"इडली," मी पुटपुटलो.

"आणि तो लिफ्टवाला कुठं आहे? लिफ्टवाला या पुस्तकात नाहीच!"

"हनुमंतप्पा नाही?" सासूबाईंचा आवाज चिरका झाला. "खरंच नाही?"

मी मान हलवली. आणि मंडळी, त्यांची हनुवटी थरथरायला लागली! गुरूंच्या वेळी थरथरली नव्हती इतकी. "नो क्राइंग!" मी किंचाळलो. "आहे! म्हणजे पुस्तकात नाही, पण आहे! मी आणला तो. मी... तुमच्यासमोर मला ते वाचवेना हो. तुम्ही वडीलधाऱ्या. दोन ओळी गाळल्या आणि मग ते वाढतच गेलं. चुकलो मी."

आता 'पुण्याचे' पण जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. पुन्हा मांजर. कदाचित मांजरसुद्धा नाही. तीन वर्षांनी स्वयंपाकघरात शिरलो होतो, तो आता फाटकाबाहेर.

सासूबाईंनी ओठ दाबले. आणखी दाबले. आणि मग जे दाबलं होतं ते फुटलं. त्या हसायला लागल्या. पट्टीवर हात धरून, पोट धरून, मागे रेलून हसायला लागल्या.

"नो लाफिंग!" मी म्हणालो. कोणी ऐकलं नाही.

"अहो," त्या धापा टाकत म्हणाल्या, "लिफ्ट अडकली तेव्हाच मला कळलं होतं. अंधारात तरुण पोरं कॉफी पितात होय? भाग्यलक्ष्मीला मी कानडीत मिठीच सांगत होते. कॉफी सांगितली असती तर ती चक्कुली घेऊन परत गेली असती."

भाग्यलक्ष्मीअक्कांना 'कॉफी' एवढंच कळलं आणि त्या पदरात तोंड घालून पलंगावर कोसळल्या.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"तुम्ही थर्मास कुठून काढता ते बघत होते की. घाम फुटायचा तुम्हाला! आणि काय हो, आरशातून बाळ? मला तीन लेकरं झाली, ती काय बाय-टू पिऊन?"

मी पुन्हा पंचांगाकडे वळलो.

"जमने," सासूबाई डोळ्याचं पाणी न पुसता म्हणाल्या, "आता तू वाच. पहिल्यापासून. काही गाळायचं नाही."

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही स्वल्प बाहेर बसा," त्या म्हणाल्या. "उगाच कानकोंडे व्हाल."

मी ओसरीवर येऊन बसलो. तेवढ्यात रक्षिता ड्यूटीवरून आली, आत डोकावली, दोन ओळी ऐकल्या आणि पर्स फेकून आत पळाली. दार लागलं. आतून जमनाबाईचा खणखणीत आवाज, मधेच सासूबाईंचं कानडी, मधेच चौघींचा हलकल्लोळ. माझ्या बायकोचा आवाज सगळ्यांत मोठा. अहो, या घरात ती कादंबरी पूर्ण वाचलेला मी एकटा माणूस, आणि मीच बाहेर!

मग आवाज अचानक खाली आला. लिफ्ट अडकली असावी. आणि सासूबाईंची हाक मला स्वच्छ ऐकू आली.

"जमने, हळू वाच गं! बाहेर आमचे जावई बसलेत. लाजतात ते."

जावई! आमचे जावई! मी ताडकन उठलो. डोळ्यांत पाणी आलं (मला टाके नव्हते). नमस्कार करायला म्हणून तीन पावलांत ओसरी ओलांडली आणि आनंदानं दार ढकललं.

आतून कडी होती.